पाणबुडी बांधणीतील खंड परवडेल?

फ्रान्सच्या आण्विक सज्जतेचा मुख्य आधार म्हणजे क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुड्या. १९७२ पासून त्यांपैकी किमान एक पाणबुडी सतत समुद्रात गस्तीवर असते. सध्याच्या 'त्रियोंफां' वर्गातील चार पाणबुड्या १९९७ ते २०१० या काळात नौदलात दाखल झाल्या. प्रत्येकीवर १६ क्षेपणास्त्रे असतात. या सामर्थ्याचे मूळ शेरबुर्गच्या गोदीत आहे. क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांचे काम सरले की हल्लेखोर पाणबुड्यांचे काम हाती घ्यायचे, असा तेथील शिरस्ता आहे. मार्च २०२४ मध्ये तेथे पुढच्या पिढीच्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीची बांधणी सुरू झाली. कारागिरांचे हात रिकामे राहणार नाहीत, याची काळजी सरकारनेच घेतली.

याच फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये सहा 'स्कॉर्पीन' पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्या अणुशक्तीवर नव्हे, तर डिझेल व बॅटरीवर चालतात. करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. पहिली 'कलवरी' मात्र डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. बारा वर्षे का लागली, याचे एक उत्तर इतिहासात सापडते. माझगाव डॉकने जर्मन तंत्रज्ञानाच्या आधारे 'शाल्की' (१९९२) आणि 'शंकुल' (१९९४) या पाणबुड्या बांधल्या होत्या. परंतु त्या व्यवहारातील दलालीच्या आरोपांनंतर पुढील मागणी थांबली आणि दशकभर गोदीत नव्या पाणबुडीचे काम आले नाही. खोल पाण्याचा दाब पेलणाऱ्या पोलादी कवचाचे जोडकाम वर्षानुवर्षांच्या सरावाने साधते. तो सराव तुटला आणि 'स्कॉर्पीन'च्या वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

आता तोच धोका पुन्हा उभा आहे. सहावी 'वागशीर' एप्रिल २०२२ मध्ये पाण्यात उतरली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. आणखी तीन 'स्कॉर्पीन'ना प्राथमिक मंजुरी मिळाली ती जुलै २०२३ मध्ये, म्हणजे शेवटच्या पाणबुडीच्या जलावतरणानंतर वर्ष उलटून गेल्यावर. 'प्रकल्प ७५ (आय)' मधील सहा पाणबुड्यांसाठी निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली, तर माझगाव डॉकशी वाटाघाटी सुरू होण्यास २०२५ साल उजाडले. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली इंधनघट यंत्रणा 'कलवरी' वर्गात बसविण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. या यंत्रणेमुळे पाणबुडी अधिक काळ पाण्याखाली राहू शकेल. हे काम मोलाचे असले, तरी नव्या बांधणीची जागा ते घेऊ शकत नाही.

आराखडा फ्रेंच असावा की जर्मन, यावर दिल्लीत चर्चा बरीच झाली. मात्र एक पाणबुडी गोदीतून बाहेर पडण्यापूर्वी दुसरीचे पोलाद कापले जाते की नाही, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. निर्णय लांबला, तर त्याची किंमत केवळ रुपयांत मोजावी लागणार नाही. दोन दशके खर्ची घालून कमावलेले कसब पुन्हा पांगेल, आणि ते कोणत्याही करारातून विकत मिळत नाही.