शाळेला कॉम्प्युटर देण्याआधी

मैत्रिणींनो, दानाचा विषय निघाला की हल्ली "एखाद्या खेड्यातल्या शाळेला कॉम्प्युटर देऊ" ही सूचना हमखास येते. ज्ञानदान म्हटल्यावर पैसेही पटकन जमतात. माझं म्हणणं एवढंच, की कोणतं यंत्र घ्यायचं हे शेवटी ठरवावं. मुलं त्यावर काय करणार, हे आधी.

निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ती हीच. यंत्र खरंच गुणी होतं. हिरवं-पांढरं, दोन कान उभारलेलं, पडदा उन्हातही वाचता येणारा, वीज अगदी कमी खाणारं. शंभर डॉलरला मात्र ते मिळालं नाही, जवळजवळ दुप्पट पडलं. २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेतही ते आलं होतं. तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू देशाने तर आठ लाखांहून जास्त वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने प्रसिद्ध केला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. विचारशक्तीच्या कोड्यांत थोडी प्रगती होती, हेही सांगायला हवं.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला यात हिशेबाची चूक दिसते. खरेदी हा एकदाचा भांडवली खर्च. त्यावर नाव घालता येतं, फोटो निघतो. वीज, दुरुस्ती, बदललेली बॅटरी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाचा वेळ, हा चालू खर्च. त्याला देणगीदार मिळत नाही. मग दोन वर्षांत मशीन कपाटात जातं, वर भरतकामाचं झाकण!

म्हणून काम आधी शोधावं. मला सगळ्यात आवडणारं काम बचत गटाच्या हिशेबाचं. दहा बायका महिन्याला शंभर रुपये टाकतात, वर्षाला १२,००० होतात. त्यातून कर्ज दिलं जातं. आठवीच्या मुलीने आधी हाताने रोजमेळ लिहावा, मग तोच लिब्रेऑफिसच्या कोष्टकात भरावा. 'महिना दोन टक्के' ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे चोवीस होतात. हे तिला पडद्यावर दिसलं की ती घरी जाऊन आईला सांगणारच. सावकाराच्या दारात उभं राहण्याआधी आईला ते कळलेलं बरं. फक्त गटातल्या बायकांची परवानगी घ्यावी आणि कुणाचं कर्ज नावानिशी वर्गात मांडू नये. गावात अब्रू मोठी असते.

दुसरं काम पावसाचं. सरळ कडांचा डबा आणि मिलिमीटरची पट्टी पुरते. जून ते सप्टेंबर रोज सकाळी एक, अशा १२२ नोंदी. शेजारच्या रकान्यात विहिरीची पातळी. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पाणी चढतं, ते आलेखात मुलांना स्वतःला सापडतं.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवणं हे तिसरं. ते फोनवरही होईल, त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायलाच हवा असं नाही.

हे ठरलं की यंत्राचा प्रश्न सोपा होतो. २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय पत्त्यांच्या जोडाएवढा असतो आणि एचडीएमआयची सोय असलेल्या टीव्हीला जोडता येतो. मात्र कीबोर्ड, माऊस, मेमरी कार्ड, चार्जर वेगळे घ्यावे लागतात, ते अंदाजपत्रकात धरा. इंटरनेट नसेल तर किविक्सवर मराठी विकिपीडिया आधीच उतरवून ठेवता येतो. एखाद्या ऑफिसातून काढून टाकलेला जुना संगणकही या कामांना पुरतो. वीस मुलांना वीस नकोत, चार पुरेत. एक टाइप करतो, दुसरा वाचून दाखवतो, तिसरी चूक काढते.

तेव्हा पुढच्या बैठकीत वर्गणीची वही उघडण्याआधी मी एकच विचारणार आहे: वर्षभर दर शनिवारी दोन तास कोण कोण येणार? माझं नाव लिहून घ्या, हिशेबाचा तास माझा.