इंजिन बांधावे की गाडी विकावी?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे माझे बाबा म्हणतात. आई बीदरची, ती तेच कानडीत ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे सांगते. दोन्ही भाषांत म्हण एकच असल्यामुळे आमच्या घरात काटकसरीला विरोधी पक्ष नाही. पण काटकसर कशाला म्हणावे, यावर मात्र २०२४ साली आमच्याकडे चांगलाच वाद झाला. त्याचे कारण आमची मारुती ८००.

बाबा काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी या भागांतल्या दुकानांना पापड-मसाले पोचवतात. २००९ साली घेतलेली ही गाडी म्हणजे त्यांचा अर्धा धंदाच. २०२४ साली तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली. मीटर २,१२,००० किलोमीटरच्या पुढे गेला होता, सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता आणि पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल लागत होते. नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर १ एप्रिल २०२२ पासून शुल्क ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपये झालेले, हरित कर निराळा. चुलतभाऊ म्हणाला, “भंगारात घाला.” बाबा गप्प बसले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. साहजिकच सल्ला देण्याची जबाबदारी मी आपण होऊन घेतली.

तो सल्ला चुकला, हे प्रथमच कबूल करतो. एका मिस्त्रीने ‘नुसत्या रिंगा बदलू, अकरा हजारांत काम होईल’ असे सांगितले. मला आकडा आवडला. शिकवण्यांतून साठवलेले माझे अकरा हजार मी पुढे केले. धूर थांबला, घरात माझे कौतुक झाले. चार हजार किलोमीटरनंतर धूर पुन्हा आला आणि कौतुक परत गेले.

असे का झाले, ते दुसऱ्या उस्तादांनी समजावले. “खाली रिंगाँ डालके कैकू पैसे डुबाते, पहले बोर नापो,” असे ते म्हणाले. त्यांनी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासले. ज्यात ते सर्वांत कमी होते, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. आकडा वर चढला. ऑइलमुळे रिंगांजवळची गळती तात्पुरती बुजते. म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत असतो, न चढला तर बहुधा वॉल्व्हमध्ये. इंजिन उघडल्यावर बोअर गेज लावला. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर; आमच्या सिलिंडरची वरची बाजू अठरा शतांश मिलिमीटरने झिजली होती, तीही एकसारखी नव्हे. अशा लंबगोल भोकात नवी गोल रिंग कशी बसणार? माझे अकरा हजार त्या फटीतून धुरासारखे निघून गेले होते.

आता खरा प्रश्न आला. पूर्ण बांधणीचा अंदाज ३४,६०० रुपये होता. त्यात बोअरिंग-होनिंग, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगे, हेडचे काम, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट, गॅसकेट आणि मजुरी हे सर्व आले. इंजिन खाली उतरवलेच आहे, तर क्लच प्लेटही त्यातच. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: ‘अकरा हजार आधीच घातले आहेत, आता मागे कसे फिरायचे?’ वर्गात बुडीत खर्चाची व्याख्या मी बिनचूक लिहिली होती. पण पैसा स्वतःचा असला की व्याख्या आठवत नाही. ते अकरा हजार बांधणीच्या बाजूने धरता येत नव्हते आणि विरुद्धही नाही. ते गेले होते.

मग वहीत नवे पान घेतले. गाडीचे आहे त्या स्थितीत तीस हजार येत होते. बाबांच्या कामाला चालेल अशी जुनी गाडी दोन लाखांना. म्हणजे पदरचे एक लाख सत्तर हजार, तेही कर्जाने, आणि तिच्या इंजिनात काय दडले आहे ते देवालाच ठाऊक. उलट बांधलेले इंजिन तीनच वर्षे चालले असे धरले, तरी महिन्याला हजारापेक्षा कमी पडतात. आम्ही इंजिन बांधले.

आमचे पुस्तक सांगते की दोन लाखांच्या गाडीवर ऱ्हासमान शेष पद्धतीने १५ टक्के घसारा धरला, तर पंधरा वर्षांनी सुमारे साडेसतरा हजार उरतात. आकडा बरोबर आहे, पण त्याने सिलिंडर गोल आहे की लंबगोल ते कळत नाही. वयावरून यंत्राचा निकाल लावणाऱ्यांनी मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी कारखान्यातले उत्पादन थांबल्यावरही वर्षानुवर्षे पोट भरत राहिली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांच्या नियमाने ती थांबली.

याचा अर्थ प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असा नव्हे. नवे पिस्टन घातल्याने जुन्या गाडीत एअरबॅग येत नाहीत. हैदराबादेत एप्रिल २०१० पासून मारुती ८०० ची विक्री थांबली, ती भारत-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यामुळे. आमचा धूर थांबला तरी गाडी त्या निकषाची झाली नाही, हे मान्य केले पाहिजे. तळाचा पत्रा गंजला असता, तर मीच विकायला सांगितले असते. सुटे भाग मिळत नसते तरीही. हेच ७९६ सी.सी.चे इंजिन ओम्नीतही असल्यामुळे आमचे निभावले.

माझे म्हणणे एवढेच की, आधी मोजावे, मग ठरवावे. आणि बांधायचे ठरले तर अर्धवट बांधू नये. पैसे वाचवायचे तर सीट कव्हर, रंग, टेप यांवर वाचवावेत. बोअर, बेअरिंग आणि ऑइल पंप यांवर नव्हे. प्रत्येक भागाची पावती घ्यावी आणि जुना भाग परत मागावा. मोजमाप करणाऱ्या कारागिराला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. अकरा हजारांत काम उरकणाऱ्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आमच्या प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. ताळेबंदाच्या उदाहरणांत ‘यंत्रसामग्री’ नावाची एक ओळ नेहमी असते. वर्षातून एक दिवस आम्हांला ती ओळ एखाद्या लेथच्या दुकानात नेऊन दाखवावी.

गाडी आता रोज कामावर जाते. डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक छोटी वही ठेवली आहे. बाबा तीत किलोमीटर आणि ऑइलची पातळी लिहितात. म्हणीतला ‘पाहून’ हा शब्द आमच्या घरात आता कुठे नीट ऐकू येऊ लागला आहे.