सुकलेले पान, सुकलेली जखम

फूल कोमेजते, चारा वाळतो, घसा सुकतो. कोणता शब्द कुठे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यातही अशीच वाटणी आहे. ‘याबेश’ म्हणजे ओलावा आटणे, ‘नाबेल’ म्हणजे कोमेजून गळणे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात गवत ‘याबेश’ होते आणि फूल ‘नाबेल’. पहिल्या स्तोत्रातल्या पाण्याकाठच्या झाडाचे पान कोमेजत नाही, तिथेही ‘नाबेल’च.

‘याबेश’चा पसारा मोठा. योनाला सावली देणारे रोप किडीने खाल्ले, ते याबेश झाले. संदेष्ट्यावर उगारलेला यराबाम राजाचा हातही तसाच वाळला. पण याच धातूपासून ‘यब्बाशा’, म्हणजे कोरडी जमीन, हा शब्द झाला. मिसरमधून निघालेले इस्राएल लोक समुद्रातून पार झाले ते या यब्बाशावरून. रोपाला मारणारी कोरड पळणाऱ्यांना वाट झाली!

नवा करार ग्रीकमध्ये आहे. तिथला शब्द ‘क्सेराइनो’. मार्कच्या शुभवर्तमानात खडकाळ जागेवरचे रोप, सभास्थानातल्या माणसाचा हात, अंजिराचे झाड, सगळे याच क्रियापदाने वाळतात. आणि पाचव्या अध्यायात येते ती बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली बाई. वैद्यांपायी होते नव्हते ते गेलेले. त्यात मोशेच्या नियमाप्रमाणे तिचा विटाळ. ती बसेल ती जागाही अशुद्ध. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि, मार्क लिहितो, तिच्या रक्ताचा झरा ‘सुकला’. क्रियापद तेच, अंजिराचे! भाषांतरात ‘स्राव थांबला’ म्हटले की अर्थ पोचतो, पण हे नाते हरवते. मराठीत ते राखणे खरे तर अवघड नाही. मुलाच्या गुडघ्यावरची जखम सुकली म्हणताना आई सुटकेचा श्वासच टाकते.

कोमेजण्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘माराइनो’. श्रीमंत माणूस आपल्या धावपळीतच कोमेजून जाईल, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो ते या शब्दाने. त्याच्या उलट ‘अमारान्तोस’, न कोमेजणारा. पेत्राच्या पहिल्या पत्रात स्वर्गातल्या वतनाला हे विशेषण आहे. वनस्पतिशास्त्रातले ‘अमरँथस’ हे नाव याच शब्दावरून आले, कारण या झाडांच्या तुऱ्यांचा रंग वाळल्यावरही टिकतो. आपला माठ या कुळातला, आणि उपासाच्या लाडवातला राजगिराही.