उजळणी वचनांची

लग्नाला पंचवीस वर्षं होणार, म्हणून मुलांनी बेत आखला. मुळशीच्या बाजूला एखादं रिसॉर्ट, हिरवळीवर मांडव, फुलांच्या माळा आणि आईबाबांचं पुन्हा एकदा लग्न! थोरल्या मुलीने मोबाइलवर मुंडावळ्यांचे नमुने दाखवले, धाकट्याने ड्रोनवाल्याचा दर काढून ठेवला. वडील खुशीत होते. आई तेवढी गप्प होती. मेथी निवडता निवडता अखेर ती म्हणाली, ''पुन्हा लग्न करायला माझी ना नाही. पण पहिल्या वेळी काय वचन दिलं होतं, ते आठवतंय का, एवढं तुमच्या बाबांना विचारा.''

बाबा हसले. ''अगं, गुरुजी म्हणत होते, त्यांच्यामागून मी म्हणत होतो. संस्कृतातलं काय आठवणार?''

''मला तर कोणी काही म्हणायलाच सांगितलं नाही,'' आई म्हणाली.

पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात घडावा असा हा प्रसंग. बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिची मर्यादा ओलांडणार नाही, असं वचन वर देतो, 'नातिचरामि' म्हणतो. पण ते देतो कोणाला? मुलीच्या वडिलांना. सप्तपदीत तांदळाच्या सात राशींवरून पावलं पडतात. अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती, ऋतू आणि सातवं पाऊल सख्याचं, असा त्यांचा सुंदर क्रम आहे. ज्या विवाहात सप्तपदीचा विधी असतो, तिथे सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला, असं १९५५ चा हिंदू विवाह कायदाही मानतो. एवढ्या महत्त्वाच्या सात पावलांच्या वेळी नवरीच्या मनात बहुधा एकच विचार असतो, शालू पायात येऊन पडायला नको! मांडवात निम्मी मंडळी तोवर जेवणाच्या पंगतीकडे वळलेली असतात.

म्हणूनच पंचवीस-तीस वर्षांनी ती वचनं पुन्हा, समजून उमजून, स्वतःच्या शब्दांत म्हणावीत, ही कल्पना वाटते तितकी थिल्लर नाही. अमेरिकेत, युरोपात अशी वचनांची उजळणी करणारी जोडपी पुष्कळ. आपल्याकडे ती हौस सिनेमातून आणि सहलवाल्यांच्या जाहिरातींतून आली, त्यामुळे सोबत केक, कारंजी आणि धुराचे ढगही आले. पण कल्पना परकी मुळीच नाही. तमिळनाडूत तिरुक्कडैयूरच्या अमृतघटेश्वर मंदिरात साठी आणि ऐंशी गाठलेली जोडपी मुलानातवंडांच्या साक्षीने पुन्हा एकमेकांच्या गळ्यात हार घालतात, पुन्हा मंगळसूत्र बांधलं जातं. आपल्याकडची साठीशांत त्याच जातीची. यात एक गोष्ट मात्र खटकते. हे सोहळे ठरतात ते नवऱ्याच्या वयावर. बायको कधी साठ वर्षांची झाली, ते पंचांगात कोणी बघत नाही. लग्नाचा वाढदिवस निदान दोघांचा असतो.

स्वतःच्या भाषेत बोलण्याचं म्हणाल, तर महाराष्ट्राला ते शिकवायला परदेशातून कोणी यायची गरज नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय सत्यशोधक पद्धतीचं लग्न लागलं. फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर मराठीतून एकमेकांशीच बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते, वर वचन देतो. तमिळनाडूने तर कायद्यात दुरुस्ती करून स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली आहे. आप्तेष्टांसमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत 'हिला मी पत्नी मानतो', 'याला मी पती मानते' असं म्हटलं, तरी तिथे ते लग्न कायदेशीर ठरतं. आणि ज्यांना मंत्र हवेतच, पण अर्थासकट हवेत, त्यांच्यासाठी पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे पुरोहित आहेत. ते विधीचा अर्थ मराठीत सांगतात. त्यांत स्त्रियाही आहेत.

आधी हिशेब, मग मांडव

बहुतेक घरांत तयारी उलट्या टोकाने सुरू होते. आधी जागा, मग जेवण, मग कपडे आणि शेवटच्या रात्री 'अरे, बोलायचं काय?' खरं तर सर्वांत आधी दोघांनीच, मुलांना बाहेर पाठवून, एक संध्याकाळ बसायला हवं. पहिल्या लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांना जेमतेम ओळखत होते. आता कोण किती पाण्यात आहे, ते दोघांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पूर्वीचीच गोड वाक्यं पुन्हा म्हणण्यात अर्थ नाही.

वरच्या जोडप्याचंच पाहा. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा बाईंनी शाळेतली नोकरी सोडली होती. 'वर्षा-दोन वर्षांत पुन्हा सुरू कर,' असं नवरा म्हणाला होता. सासूबाई काठी घेऊन हिंडूफिरू लागल्या, मग मुलीची दहावी आली, मग मुलाची बारावी. तो विषय पुन्हा निघालाच नाही. बाईंनी काढला नाही, कारण भांडण नको होतं. त्यांनी काढला नाही, कारण विसरायला सोयीचं होतं. त्या संध्याकाळी तो निघाला आणि दोन दिवस घरात अबोला राहिला. मुलं घाबरली, रिसॉर्टची इसाऱ्याची रक्कम बुडणार की काय, म्हणून! पण तिसऱ्या दिवशी गृहस्थांनी आपण होऊन कागद पुढे ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'मी दिलेला एक शब्द पाळला नाही.'

असा अबोला आला तर समारंभ लांबणीवर टाकावा, रद्द करण्याची घाई करू नये. पण काही वेळा तो न करणंच शहाणपणाचं असतं. नुकताच विश्वासघात उघडकीला आला आहे आणि चारचौघांत हार घातले की लोकांची तोंडं बंद होतील, असा हेतू असेल, किंवा एकाची इच्छा आणि दुसऱ्यावर जबरदस्ती असेल, तर फुलांनी जखम झाकली जाईल, भरणार नाही. जे घरात एकमेकांशी बोललेलं नाही, ते माइकवर पहिल्यांदा बोलू नये. ऐकणाऱ्यावर तो अन्याय आहे. पन्नास माणसांसमोर त्याला हसण्यावाचून गत्यंतर नसतं.

वचन लिहिताना ते तपासून पाहता येईल असं असावं. 'तुला जन्मभर सुखात ठेवीन' हे कोण मोजणार? 'बँकेची, विम्याची, घराची सगळी कागदपत्रं दोघांना ठाऊक असतील', 'तुझ्या आईच्या दुखण्यात रात्रीची जागरणं मीही करीन', 'रागावले तरी माहेरच्यांसमोर तुमचा पाणउतारा करणार नाही', ही वचनं साधी वाटतात, पण ती मोडली तर लगेच कळतं. प्रत्येकाने पाच-सहा वाक्यं लिहावीत. दोन मिनिटांहून जास्त बोललात, तर मागच्या रांगेत मुलांच्या अभ्यासाच्या गप्पा सुरू होतात. कागद हातात ठेवायला लाजू नये, भावना दाटून आल्या की पाठ केलेलं हटकून विसरतं.

उघड्यावरचा कारभार

मोकळ्या आभाळाखाली समारंभ म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो. पण जागा महागडी असण्यापेक्षा ओळखीची असावी. लग्न ठरल्यावर दोघं जिथे पहिल्यांदा फिरायला गेले ती टेकडी, आजोळच्या घराचं अंगण, पहिला संसार थाटला त्या चाळीची गच्चीसुद्धा चालेल. किल्ले, लेणी, जुने घाट यांपैकी जी स्मारकं संरक्षित आहेत, तिथे परवानगीशिवाय मांडव तर सोडाच, पाट-चौरंगही मांडू नये. वनखात्याच्या हद्दीतही तेच.

तारखेचा हट्ट धरू नये. आपल्याकडची कितीतरी लग्नं एप्रिल-मेमधली. त्याच दिवशी दुपारी माळरानावर पाहुण्यांना बसवणं म्हणजे त्यांची परीक्षाच. मेमध्येच करायचं असेल, तर ऊन उतरल्यावर करावं. मेच्या मध्याला पुण्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. वचनं मावळतीच्या आधी अर्धा तास सुरू करावीत, म्हणजे फोटोला उजेड मिळतो आणि जेवणाच्या वेळेला हवा गार होते. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही ठरवू नये. ऑक्टोबरातही दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा जवळ एखादी पडवी किंवा शेड हवीच.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी मुहूर्त बघण्याआधी भरतीचं कोष्टक बघावं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी संध्याकाळी जिथे कोरडी वाळू होती, तिथे पुढच्या रविवारी गुडघाभर पाणी असू शकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी आणखी आत येतं. समुद्रावरच्या वाऱ्यात साधा आवाज दहा फुटांवर पोचत नाही, म्हणून लहानसा माइक ठेवावा. रात्री दहानंतर मात्र उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे मुलांच्या गाण्यांच्या यादीवर आधीच लिहून ठेवलेलं बरं.

झाडाखाली होम करायची हौस असेल, तर आधी मान वर करून फांद्या तपासाव्यात. वड, पिंपळ, आंब्यावर आग्या मोहोळ असेल, तर धूर लागताच माशा उठतात आणि वऱ्हाडाची पळता भुई थोडी होते. हा विनोद नव्हे, अशा हल्ल्यांत माणसं दगावली आहेत. त्यापेक्षा समई लावावी. उन्हाळ्यात भोवती वाळलेलं गवत असेल, तर तीही काचेच्या आड.

आणि स्वच्छतागृह! बागेच्या सौंदर्यावर भाळून जागा ठरवली जाते आणि सत्तरीच्या मावशी सकाळपासून पाणी न पिता बसून राहतात. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, वाट सपाट आहे का, पाठ टेकायच्या खुर्च्या किती, हे स्वतः चालून पाहावं. पाहुणे तीस-चाळीसच बोलवावेत. आहेर नको, असं निमंत्रणातच लिहावं.

पुढे कोण उभं राहणार, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. लग्नकार्यात विधवा आई, बहीण, मावशी आपणहून मागे सरकतात, त्यांना तशी सवयच लावलेली असते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. घरच्या समारंभाला तर ठरावाचीही गरज नाही. ज्यांनी या संसाराला हातभार लावला, त्यांनी पहिल्या रांगेत बसावं, हळदीकुंकू आणि फुलं पहिल्यांदा त्यांच्या हाती द्यावीत.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. अशा सोहळ्याने कायद्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, लग्नाची तारीख मूळचीच राहते. पण जुन्या काळी कित्येकांनी लग्नाची नोंदणीच केलेली नाही. त्यामुळे लग्न रद्द ठरत नाही हे खरं, तरी परदेशी मुलाकडे जाताना, वारसाहक्काच्या वेळी, निवृत्तिवेतनाच्या कामी दाखल्यावाचून अडतं. जुनी लग्नपत्रिका आणि फोटो या निमित्ताने माळ्यावरून निघतातच, साक्षीदारही जमलेले असतात. मग आपल्या भागातल्या विवाह निबंधकाकडे जाऊन तेही काम उरकून टाकावं.

तांदळातलं नाव

त्या पुण्याच्या जोडप्याने अखेर रिसॉर्ट रद्द केलं. इसाऱ्याची निम्मी रक्कम बुडाली. मुलगा चार दिवस फुरंगटला होता. सासवडजवळ मावसभावाची अंजिराची बाग आहे, तिथे डिसेंबरातल्या एका शनिवारी, मेमधली तारीख सोडून, अठ्ठावीस माणसं जमली. मुंडावळ्या नव्हत्या. गृहस्थांनी कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं वाचताना त्यांचा चष्मा धुरकटला. जूनपासून बाई शिकवायला जातील, सकाळचा डबा आणि आईची औषधं ते स्वतः बघतील, एवढंच त्यात होतं. बाईंचं वचन त्याहून लहान होतं. मनात आलेलं त्याच दिवशी बोलून टाकीन, असं त्या म्हणाल्या. पाहुण्यांतल्या दोघीतिघी त्यावर जोरात हसल्या.

मग सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. नातीच्या हातात तांदळाचं ताट होतं. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं होतं, माहेरचं नाव तेव्हापासून शाळेच्या दाखल्यावर आणि आईच्या तोंडी उरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ''ते नाव मीच काढलं होतं. मला आवडायचं म्हणून. हिला विचारलं नव्हतं.'' आणि त्यांनी ताट सुनेपुढे धरलं. बाईंनी बोटातली अंगठी काढली, तांदूळ सारखे केले आणि आपलं माहेरचं नाव लिहिलं. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं गोल होतं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं. त्यानंतर भाकरी, भरली वांगी आणि शेंगोळ्यांवर मंडळींनी ताव मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागताना सवयीने त्यांच्या तोंडून सासरचंच नाव गेलं. बाईंनी ओ दिली नाही. दुसरी हाक बरोबर आली, तेव्हा त्यांनी आधण ठेवलं.