एक नाव, दोन दुर्ग

फोर्ट विल्यम म्हटले की मराठीच्या अभ्यासकास किल्ल्याऐवजी महाविद्यालय आठवते : विल्यम केरी, त्याचे १८०५ चे मराठी व्याकरण, १८१० चा कोश. तटबंदीकडे वाङ्मयेतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. २०२४ च्या डिसेंबरात या किल्ल्यास कोकणातील ‘विजयदुर्गा’चे नाव देण्याचे ठरले; सेंट जॉर्ज दरवाजाही ‘शिवाजी दरवाजा’ झाला. मराठी मनास याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच. तथापि ही दोन स्थळे इतिहासाने पूर्वीच, आणि निराळ्या रीतीने, जोडलेली आहेत.

१७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रावरून तोफा डागून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. जमिनीवर नानासाहेब पेशव्यांचीच फौज इंग्रजांच्या मदतीस होती. आंग्र्यांच्या एका जहाजावर गोळा पडून आग भडकली आणि तीत त्यांचे आरमार जळाले. वर्ष उलटण्यापूर्वीच, १७५७ च्या जानेवारीत, याच दोघांनी सिराजउद्दौल्याकडून कलकत्ता परत घेतले, आणि १७५८ मध्ये नव्या फोर्ट विल्यमचे बांधकाम सुरू झाले. जेत्यांच्या किल्ल्यास आज जिंकल्या गेलेल्या किल्ल्याचे नाव मिळाले आहे.

नाव एक असले तरी हे दुर्ग दोन शस्त्रयुगांतले आहेत. ‘दुर्ग’ म्हणजे जेथे जाणे कठीण. कौटिल्याने पाणी, पर्वत, वाळवंट आणि अरण्य यांच्या आश्रयाने चार प्रकार सांगितले. मनुस्मृतीने गिरिदुर्ग श्रेष्ठ ठरविला. शत्रूने धापा टाकीत वर यावे आणि वरून त्याच्यावर बाण व धोंडे पडावेत, असे ते युद्ध होते. तोफेस मात्र तेथे जावेच लागत नाही.

‘आज्ञापत्र’कारास हे पक्के ठाऊक आहे. दुर्गाशेजारी दुसरा डोंगर नसावा, असल्यास तो सुरुंगाने फोडावा, असे तो बजावतो. टोपीकरांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे हेही त्यास दिसते. १७५६ मध्ये जुन्या फोर्ट विल्यमचा घात याच दोषाने झाला : भोवतीच्या उंच घरांतून आत गोळ्या येऊ लागल्या. नव्या किल्ल्याचा तट म्हणूनच ठेंगणा व अष्टकोनी, भोवती खंदक आणि पुढे मोकळे रान. त्यासाठी गोविंदपूरचे रहिवासी हलविले गेले, जंगल तुटले. कलकत्त्याचे मैदान ते हेच. तोफेची नजर अडू नये म्हणून राखलेले. (त्या नजरेची गरज पुढे कधी पडली नाही, हा भाग वेगळा.)

आपल्याकडे ‘आज्ञापत्र’ वाचले जाते ते बहुधा भारदस्त गद्याचा नमुना म्हणून, आणि पोवाड्यांतील शस्त्रे वीररसाची आरास म्हणून. हे वाचन अपुरे आहे. शस्त्र पालटते, शब्द तोच राहतो, आणि वाचक फसतो. बखरींतील ‘बाण’ पुष्कळदा धनुष्यावरचा नसतोच. तो दारू भरलेला, पेटवून सोडावयाचा अग्निबाण असतो. तो सोडणाऱ्या बाणदाराच्या हाती धनुष्य देणारा अभ्यासक अठराव्या शतकातील रणांगण महाभारतात नेऊन ठेवतो.