विश्लेषण : मराठी नावांची प्रश्नचिन्हे का होतात?

विद्यार्थ्यांची यादी मोबाइलवर स्वच्छ मराठीत दिसते. तीच सीएसव्ही फाइल कार्यालयातील विंडोज संगणकावर एक्सेलमध्ये उघडली, की नावांच्या जागी रोमन ‘ए’वर तिरकी रेघ, मध्येच जपानी येनचे चिन्ह, कुठे पाऊणचा अपूर्णांक! मग खापर ‘फॉन्ट’वर फुटते. फॉन्टचा इथे संबंध नाही.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे. म्हणजे ‘मराठी’चे पंधरा बाइट. अँड्रॉइड फोन यूटीएफ-८ गृहीतच धरतो. विंडोजवरील अनेक प्रोग्राम मात्र फाइलमध्ये तशी खूण नसेल, तर संगणकाची ‘सिस्टिम लोकेल’ पाहतात. ती आपल्याकडे सहसा इंग्रजी. तिची जुनी १२५२ क्रमांकाची तालिका पश्चिम युरोपीय भाषांसाठी. तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. लोकेल मराठी करावी, तर मराठीसाठी विंडोजमध्ये अशी तालिकाच नाही.

इथवर मजकूर शाबूत असतो. खरे नुकसान उलट दिशेने होते. नीट दिसणारी मराठी यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवली, की तालिकेत न सापडणाऱ्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मूळ बाइट गेले. कोणताही कन्व्हर्टर ते परत आणू शकत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत सविता आणि कविता, दोघीही पाच-पाच प्रश्नचिन्हे!

तोवर इलाज हाच : फाइल दुहेरी क्लिकने न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’मधून आणावी, ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे आणि साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्यावा. मूळ प्रत वेगळी ठेवावी. संपूर्ण विंडोज यूटीएफ-८वर नेण्याचा पर्याय २०१८ पासून आहे, पण ‘बीटा’ शिक्क्यासह. त्याने जुने प्रोग्राम अडखळू शकतात.

पण ही कसरत लिपिकाने का करायची? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. जावाने २०२२ मध्ये, १८व्या आवृत्तीपासून, लोकेलला न विचारता यूटीएफ-८ गृहीत धरले, पायथॉननेही ३.१५ आवृत्तीसाठी तोच निर्णय घेतला. सरकारी निविदेत ‘मराठी चालेल’ एवढे मोघम लिहून भागत नाही. इंग्रजी लोकेलच्या संगणकावर मराठी नावांची यादी आत घेऊन, पुन्हा बाहेर काढून, अक्षरशः जशीच्या तशी दाखवा, अशी अट हवी. देयक त्यानंतरच.