कारण ठाऊक नसतानाही

एप्रिल १८१५. जावा बेटावरच्या इंग्रज अंमलदारांना दूरवर तोफा धडाडल्यासारखे आवाज ऐकू आले. एखाद्या ठाण्यावर हल्ला झाला असावा, या समजाने योग्यकर्ताहून फौजेची तुकडीही निघाली. शत्रू कुठेच नव्हता. शेकडो मैल पूर्वेला, सुंबावा बेटावर, तांबोरा जागा झाला होता. १० एप्रिलला डोंगराचा माथाच उडाला. चार हजार मीटरांहून उंच असलेला तांबोरा आज २,८५० मीटरांच्या आसपास उरला आहे. उद्रेकाने आणि त्यामागून आलेल्या उपासमारीने, रोगराईने त्या टापूत हजारो माणसे गेली.

पुढच्या वर्षी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू इंग्लंडमध्ये ऐन जूनमध्ये बर्फ पडले. पश्चिम युरोपात पाऊस थांबेना, गहू शेतातच कुजला, पावाचे भाव भडकले आणि इंग्लंड-फ्रान्समध्ये धान्यासाठी दंगली झाल्या. १८१६ हे ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून इतिहासात राहिले. लोकांनी सूर्यावरच्या डागांना बोल लावला, देवाच्या कोपालाही लावला. तांबोराचे नाव कुणाच्या तोंडी आले नाही. हा धागा अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी जोडला, तो शंभरेक वर्षांनी.

उद्रेकाची राख जड असते, लवकर खाली बसते. खरी करामत गंधकाच्या वायूची. तो स्थितांबरात पोहोचला की पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ते धुऊन निघत नाहीत. वारे त्यांचा पातळ पडदा पृथ्वीभर पसरवतात आणि काही ऊन अवकाशात परत जाते. जून १९९१मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी आधीच वर्तवल्याप्रमाणे पुढच्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. पण दोन-तीन वर्षांत पडदा विरला आणि पारा पुन्हा चढू लागला.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो शतकानुशतके मुक्काम ठोकतो. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षे थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्याबरोबर हा वायूही हवेत येत राहिला. ज्वालामुखी हवामान दीर्घकाळ हलवतो तो असा, लाखो वर्षांच्या चिकाटीने. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून दरवर्षी साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक सोडतो. “निसर्गच प्रदूषण करतो, मग आपण कशाला थांबायचे?” हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

१८१६च्या दुष्काळात जर्मनीतले वुर्टेंबर्गचे राज्य होरपळले. नुकताच गादीवर आलेला राजा पहिला विल्हेल्म याने १८१८मध्ये होहेनहाइम येथे शेतीचे शिक्षण देणारी संस्था काढली. त्याच वर्षी राणी कॅथरिनाने गरिबांसाठी बचत बँक सुरू केली. तो उन्हाळा कुणी गिळला, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. तरी पुन्हा तशी वेळ आली तर पीक कसे वाचेल आणि गरिबाच्या गाठीला चार पैसे कसे राहतील, एवढे त्यांनी पाहिले.

आज उपग्रह आहेत, मोजमापे आहेत, कारणही ठाऊक आहे. तरीही प्रत्येक अवकाळी पावसाला आपण ‘अचानक’ म्हणतो आणि पंचनाम्यावर भागवतो. होहेनहाइमची ती संस्था आज विद्यापीठ आहे आणि तिथे अजूनही शेती शिकवली जाते.